बोलणारा नायक, ऐकणारी बाई

सप्रेम नमस्कार,

एडिसनहून आलेले आपले सविस्तर पत्र मिळाले. सदराच्या इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगते. आपण बरीच वर्षे न्यू जर्सीत राहता, गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनगटात जाता आणि त्या गटात मराठी बोलणाऱ्या आपण एकट्याच आहात. यंदा गटाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबऱ्या वाचायला घेतल्या. जॉन अपडाइक यांची 'रॅबिट, रन', सॉल बेलो यांची 'हर्झॉग' आणि रिचर्ड फोर्ड यांची 'द स्पोर्ट्सरायटर' वाचून झाल्यावर आपण म्हणालात की, यांतला प्रत्येक पुरुष स्वतःला मोकळा समजतो, पण बाईवाचून त्याचा एक दिवस धड जात नाही. त्यावर गटातले एक वयस्क गृहस्थ दुखावले. कुणाची गरज भासणे हा काय गुन्हा आहे, असे त्यांनी विचारले आणि चर्चा तिथेच थांबली. घरी हे सांगितले तेव्हा यजमान हसून म्हणाले की हे अमेरिकन लोकांचे प्रश्न, आपल्यात असले काही नसते. आणि त्याच संध्याकाळी साताऱ्याला आईंना फोन लावून देण्याची आठवणही त्यांनी आपल्याला केली. आपले वाचन एकांगी आहे का, आणि यांतले एखादे पुस्तक यजमानांच्या हाती द्यावे का, असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता आपण लिहिता की ही पुस्तके वाचून संपली की दमायला होते. मला पत्रातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य तेच वाटले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपण दमलात याचे कारण असे, की या कादंबऱ्या वाचकाला कामाला लावतात. 'हर्झॉग' (१९६४) आठवून पाहा. दुसरी बायको मॅडलिन हिने ज्याला घराबाहेर काढले आहे, तो मोझेस हर्झॉग पुस्तकभर पत्रे लिहितो: नातेवाइकांना, राष्ट्राध्यक्षांना, दिवंगत तत्त्वज्ञांना. त्यांतले जवळजवळ एकही पत्र टपालात पडत नाही; मग ती वाचतो कोण? आपण. फिलिप रॉथ यांच्या 'पोर्टनॉय्ज कम्प्लेंट'मध्ये (१९६९) आईच्या धाकातून आणि मायेतून न सुटलेला अलेक्झांडर पोर्टनॉय आपले सगळे गाऱ्हाणे मानसोपचारतज्ज्ञापुढे मांडतो आणि त्या डॉक्टरांच्या तोंडी अगदी शेवटी एकच वाक्य येते. तोवरची सगळी पाने ऐकून घेण्याचे काम आपल्याकडे असते. 'द स्पोर्ट्सरायटर' (१९८६) प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात आहे, म्हणजे फ्रँक बॅस्कम सतत आपल्याशीच बोलत असतो. कथेत ज्या बाईने ऐकून घ्यायचे, ती उठून गेलेली आहे आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर लेखकाने वाचकाला बसवले आहे. दिवसभर घरात तेच काम करणाऱ्या वाचक बाईला रात्री पुस्तकातही तेच वाट्याला आले, तर थकवा यायचाच. तो आपल्या रसिकतेतला दोष नव्हे. पुस्तकाची घडण कुठे आहे, हे आपल्याला त्या थकव्यातूनच कळले आहे.

आता फ्रँककडे थोडे जवळून पाहू, कारण तो आपला शेजारीच आहे. त्याचे हॅडम हे गाव काल्पनिक असले तरी ते न्यू जर्सीतच वसलेले आहे आणि तिथल्या जुन्या, झाडीत दडलेल्या, सुखवस्तू गावांची त्याच्यावर स्पष्ट छाया आहे. कादंबरीची सुरुवात गुड फ्रायडेच्या पहाटे दफनभूमीत होते. नवव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या, राल्फच्या, वाढदिवशी घटस्फोटित आईवडील त्याच्या थडग्यापाशी भेटतात. ज्या बाईपाशी फ्रँक पुनःपुन्हा परत येतो, जिच्या मताचा तो मनातल्या मनात सतत कानोसा घेत असतो, तिला या सबंध कादंबरीत नाव नाही. तिचा उल्लेख केवळ 'एक्स' या अक्षराने होतो. तिचे ॲन हे नाव आपल्याला कळते ते पुढच्या भागात, १९९५ साली आलेल्या 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये. ज्या व्यक्तीवर माणूस सर्वाधिक विसंबून आहे तिला त्याने नावही देऊ नये, यात फोर्ड यांनी बरेच काही सांगितले आहे, असे मला वाटते.

याच कादंबरीत घटस्फोटित पुरुषांचे एक मंडळ आहे. पाच पुरुष अधूनमधून जमतात, पेय घेतात, बोटीतून मासेमारीला जातात, आणि ज्या कारणामुळे एकत्र आले त्याबद्दल शक्यतो अवाक्षर काढत नाहीत. त्यांतल्या वॉल्टर लकेटला मात्र बोलायचे असते. एका पुरुषाबरोबर आपण हॉटेलात गेलो होतो, हे तो फ्रँकला सांगतो. पुढे फ्रँककडे फिरफिरून येत राहतो. फ्रँक सभ्यपणे ऐकतो, पण तिथून सुटायला उत्सुक असतो. ईस्टरच्या दिवशी वॉल्टर आत्महत्या करतो. आपल्या पत्रात या प्रसंगाचा उल्लेख नाही आणि गटातही तो बहुधा कुणी काढला नसावा. पुढच्या बैठकीत तो अवश्य काढावा. सबंध पुस्तकात एकच पुरुष दुसऱ्या पुरुषापाशी मन मोकळे करू पाहतो आणि त्याचे हे असे होते. मग उरलेले सगळे बायकांकडे का धावतात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. फ्रँक परिचारिका असलेल्या व्हिकीबरोबर डेट्रॉइटला जातो, पहाटे बायकोच्या भेटीला जातो, पण मरायला टेकलेल्या मित्रापुढे त्याच्याकडे देण्यासारखे काही निघत नाही.

अमेरिकन साहित्याविषयी एक जुना आणि गाजलेला सिद्धांत आहे, तो इथे आठवतो. लेस्ली फीडलर यांनी 'लव्ह अँड डेथ इन द अमेरिकन नॉव्हेल' या १९६० सालच्या ग्रंथात असे मांडले की अमेरिकन नायक मुळात पळपुटा आहे: बायकोची कटकट चुकवून डोंगरात जाणारा रिप व्हॅन विंकल घ्या किंवा सुधारू पाहणाऱ्या आंटी सॅलीच्या हातून निसटायला निघालेला हकलबरी फिन घ्या, त्याला लग्न, घर आणि जबाबदारी टाळून जंगल, समुद्र, नदी नाहीतर युद्ध गाठायचे असते. योगायोग असा की 'रॅबिट, रन'ही त्याच १९६० साली आली आणि तिने या सिद्धांताची दुसरी बाजू उघडी पाडली. सव्वीस वर्षांचा हॅरी अँगस्ट्रॉम गरोदर बायकोला, जॅनिसला, सोडून गाडी काढतो, रात्रभर दक्षिणेकडे चालवतो, रस्ता चुकतो आणि परत फिरतो. तो कुठल्याच जंगलात पोहोचत नाही. जुन्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या ओळखीने दुसऱ्या दिवशी रात्री त्याची रूथशी गाठ पडते आणि लगोलग तो तिच्या खोलीत राहायलाही येतो. एका घरातून निघाल्यावर दुसऱ्या घरात शिरेपर्यंत मध्ये जेमतेम एक दिवस जातो. हकलबरीच्या काळी पळून जायला नदी होती. हॅरीच्या काळी पेनसिल्व्हेनियात पेट्रोलपंप आणि दुसऱ्या बाईचा जिना एवढेच उरले होते, असे म्हटले तर अपडाइक यांच्यावर फारसा अन्याय होणार नाही.

हे पुरुष असे का वागतात, याचे उत्तर केवळ त्यांच्या स्वभावात शोधू नये. युद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली आणि त्या राहणीत कारखाना, चर्च, लॉज नावाची बंधुमंडळे, कोपऱ्यावरचा बार असे पुरुषांच्या उठण्याबसण्याचे जुने अड्डे हळूहळू विरळ झाले. नोकरीतल्या बदलीबरोबर कुटुंबे गावे बदलू लागली. नव्या गावात शेजारणीशी ओळख करणे, सणावारी कार्ड पाठवणे, मुलांच्या शाळेत जाणे, सासूची विचारपूस करणे हे सगळे बायको करू लागली आणि नवऱ्याचे जगाशी असलेले नाते तिच्या मार्फत चालू राहिले. मग कायदा बदलला. कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर १९६९ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली (ते स्वतः घटस्फोटित होते, ही त्यातली गंमत). पुढच्या दशकात इतर बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. बायको गेली की तिच्याबरोबर शेजार, नातेवाईक आणि मुलांचे वेळापत्रकही जाते, हे या पिढीच्या पुरुषांना अनुभवाने कळले. फ्रँकच्या मंडळाचा उगम यात आहे.

आपल्या गटातल्या त्या गृहस्थांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. गरज असणे हा गुन्हा नाही. एकमेकांवर विसंबल्याशिवाय संसारच होत नाही आणि एकट्याने सगळे निभावण्याचा जो आदर्श अमेरिकेने पुरुषापुढे ठेवला, त्याचेच हे पुरुष बळी आहेत, असे ते म्हणाले तर मीही मान डोलावेन. मात्र त्यांना एवढे विचारावे: या पुरुषाला आपण विसंबून आहोत हे ठाऊक आहे का? आणि त्याला ठाऊक नसेल, तर निदान पुस्तकाला ठाऊक आहे का? या दुसऱ्या प्रश्नाने कादंबऱ्यांची प्रतवारी फार चांगली होते. अपडाइक यांच्याविषयी आपण पत्रात जरा कठोर झाला आहात. हॅरी काहीच शिकत नाही हे खरे, पण तो दुसऱ्यांदा निघून गेल्यावर कथा त्याच्या मागे जात नाही. ती जॅनिसच्या मनात शिरते. दारू, रडणारे मूल, भरलेला टब आणि तान्ह्या मुलीचा बुडून मृत्यू हे सर्व आपण तिच्या नजरेतून पाहतो. पुस्तक पळणाऱ्याची किंमत मागे राहिलेलीकडून मोजून घेते. फोर्ड यांना फ्रँकपेक्षा पुष्कळ अधिक कळते. बेलो यांच्याबाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे. 'हर्झॉग'मध्ये बुद्धीची जी आतषबाजी आहे तिला तोड नाही, परंतु मॅडलिनची बाजू आपल्याला कधीच ऐकायला मिळत नाही, आणि फुलांचे दुकान चालवणारी रमोना दिवसभराचे काम आटोपून झिंगे रांधते, वाइन ओतते, सजते, समजूत घालते. तिला स्वतःला काय हवे आहे याची चौकशी करायला कादंबरीला फुरसत मिळत नाही.

रेमंड कार्व्हर यांची 'फीव्हर' ही कथा गटाने घेतली नसेल, तर ती मिळवून वाचावी, असा माझा आग्रह आहे. ती 'कथीड्रल' या १९८३ च्या संग्रहात आहे. कार्लाइल हा शाळेत चित्रकला शिकवतो. बायको आयलीन त्याच्याच एका सहकाऱ्याबरोबर कॅलिफोर्नियाला निघून गेली आहे, शाळा उघडायची वेळ आली आहे आणि दोन लहान मुलांकडे पाहायला कोणी नाही. त्याने स्वतः ठेवलेली मुलगी घरात मित्रांना गोळा करून बसते, तेव्हा तो तिला काढून टाकतो. त्यानंतर फोन येतो तो आयलीनचा. तीच दूरवरून मिसेस वेबस्टर नावाच्या वृद्ध बाईंची सोय करून देते. म्हणजे बायको निघून गेल्यावरचे घरसुद्धा बायकोच चालू ठेवते! पुढे कार्लाइलला ताप येतो, मिसेस वेबस्टर त्याचे करतात, आणि एके दिवशी अंथरुणात उठून बसून तो त्यांना आपल्या लग्नाची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो. ती सांगता सांगता त्याच्या ध्यानात येते की ते प्रकरण आता खरोखर संपले. मिसेस वेबस्टर आणि त्यांचे यजमान लवकरच ऑरेगनला जायचे असतात, त्यामुळे त्यांचाही आधार कायमचा नाही. कार्व्हर यांनी इथे कोणाचा उपहास केलेला नाही. माणसाला बोलायला कोणीतरी लागते, हे ते मान्य करतात, आणि ते ऐकणाऱ्या बाईंना स्वतःचा संसार, स्वतःचे जाणे आहे, हेही त्याच दमात दाखवतात. आपल्या गटातल्या गृहस्थांना ही कथा आवडेल असा माझा अंदाज आहे.

ऐकणाऱ्या बाईने एकदा तोंड उघडले तर ती काय म्हणेल, याचे उत्तर टोनी मॉरिसन यांच्या 'साँग ऑफ सॉलोमन'मध्ये (१९७७) आहे. मिशिगनमधल्या एका सुखवस्तू कृष्णवर्णीय घरातला मिल्कमन तिशी ओलांडली तरी आई, बहिणी, आत्या आणि प्रेयसी हेगर यांच्या जिवावर जगत असतो. बहिणीच्या प्रेमप्रकरणाची चहाडी तो वडिलांकडे करतो, तेव्हा आजवर गप्प राहिलेली दुसरी बहीण लीना त्याला खोलीत बोलावून सुनावते. आमचे सगळे मुलीपण तुझ्यावर खर्च झाले, तू झोपलास की आम्ही गप्प बसलो, भूक लागली की रांधले. स्वतःचे कपडे कधी धुतले नाहीस, अंथरूण कधी घातले नाहीस, आणि आता आम्ही कसे वागावे हे ठरवायला निघालास, अशा आशयाचे ते बोलणे आहे. शेवटी ती त्याला खोलीबाहेर काढते. त्यानंतर मिल्कमन घर सोडतो, पण हे निघणे हॅरीच्या पळण्यासारखे नाही, कारण कोणाच्या श्रमांवर आपण उभे आहोत हे ऐकून मग तो निघाला आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मॉरिसन यांच्या पुरुषांना बेलोंच्या नायकांच्या रांगेत सरसकट बसवू नये. 'बिलव्हेड'मधल्या पॉल डीसारख्या माणसाकडून गुलामगिरीने घर, नाव आणि नाती सगळेच हिरावून घेतले होते. एखाद्या बाईपाशी आपले तुकडे पुन्हा जुळतात असे जेव्हा त्याच्या जगातले पुरुष म्हणतात, तेव्हा त्यामागचा इतिहास उपनगरातल्या घटस्फोटाचा नसतो.

आता यजमानांविषयी. यांतले पुस्तक त्यांच्या हाती 'हे वाचा, म्हणजे कळेल' अशा सुरात देऊ नये. आरोपपत्र म्हणून दिलेली कादंबरी कोणी वाचत नाही. वाचलीच तर बचावाचे मुद्दे काढण्यासाठी. शिवाय आपण पत्रात त्यांचे जे वर्णन केले आहे त्यावरून ते हॅरी किंवा फ्रँक यांच्या जातीचे वाटत नाहीत. ते कोठे पळालेले नाहीत. नोकरीनिमित्त परदेशी आलेले, मंडळाच्या गणपतीत हौसेने राबणारे आणि एरवी कोणापाशी फारसे न बोलणारे असे ते गृहस्थ दिसतात. त्यांचे नातेवाईक, मित्र आणि आईसुद्धा आपल्या हातून त्यांच्यापर्यंत पोहोचतात, एवढाच त्यांच्यात आणि कार्लाइलमध्ये सारखेपणा आहे. 'आपल्यात असले काही नसते' या त्यांच्या वाक्याला पुस्तकाने उत्तर देण्याची आवश्यकता नाही. साताऱ्याचा फोन त्यांनी स्वतः लावावा, एवढे सांगणे पुरे आहे. पहिले काही रविवार फोन राहून जाईल, सासूबाई आपल्याला कारण विचारतील आणि आपल्याला अवघडल्यासारखे होईल. तेवढे आपण सोसावे आणि त्यांच्या वतीने सारवासारव करू नये. मायलेकांना एकमेकांशी काय बोलावे हे आरंभी सुचणार नाही. तेही त्यांचे त्यांना शोधू द्यावे.

त्यांना वाचनाची गोडी असेल, तर जुंपा लाहिरी यांची 'अनअकस्टम्ड अर्थ' ही २००८ च्या संग्रहातली दीर्घकथा सहज म्हणून घरात ठेवता येईल. बायको गेल्यावर वडील आता आपल्याकडे कायमचे राहायला येणार आणि त्यांचे सगळे आपल्याला करावे लागणार, अशी धास्ती सिॲटलमधल्या रुमाला वाटत असते. पाहुणे म्हणून आलेले वडील भांडी घासतात, बाग लावतात, नातवाला सांभाळतात आणि राहण्याचा आग्रह नाकारून आपल्या घरी परततात. प्रवासात भेटलेल्या मिसेस बागची यांच्याशी त्यांची मैत्री झालेली असते. त्यांना लिहिलेले आणि टाकायचे राहून गेलेले कार्ड रुमाला बागेत सापडते, आणि ती त्यावर तिकीट लावते. या वडिलांनाही सोबत हवीच आहे. ती मिळवताना मात्र त्यांनी कोणाला राबवून घेतलेले नाही. स्थलांतरित भारतीय घर ओळखीचे असल्यामुळे ही कथा आपल्या यजमानांना 'त्या लोकांची' वाटणार नाही.

गटासाठी पुढचे पुस्तक सुचवायचे झाल्यास मी ॲन टायलर यांची 'द ॲक्सिडेंटल टुरिस्ट' (१९८५) सुचवेन, कारण या विषयावर मनमुराद हसवणारे यापेक्षा चांगले पुस्तक माझ्या वाचनात नाही. मुलाच्या खुनानंतर बायको सारा निघून जाते आणि बाल्टिमोरच्या घरात एकटा राहिलेला मेकन आपल्या भावनांऐवजी घराची व्यवस्था लावू लागतो: अंघोळ करता करता पायाखाली कपडे तुडवून धुतो, चादरी शिवून त्यांची पिशवी करतो आणि तिच्यात झोपतो. पाय मोडल्यावर तो रोज नावाच्या बहिणीच्या आश्रयाला जातो. तिथे ती दोन प्रौढ भावांसाठी रांधते आणि किराणा सामान वर्णानुक्रमे लावून ठेवते. पुढे ती लग्न करून जाते, भावांचे अडते, ती माहेरी परतते आणि शेवटी तिचा नवराच तिथे राहायला येतो. बैठकीत कोणी मेकनची कीव करू लागले, तर आपण रोजविषयी विचारावे: भावांच्या त्या स्वयंपाकघरात तिला उभे राहायला भाग कोणी पाडले, की ती आपखुशीने परतली? टायलर यांनी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आहेत. या प्रश्नावर ते वयस्क गृहस्थ आणि आपण एकाच बाजूला निघालात, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आपली,
सदरलेखिका